कात्री उचलण्याआधी

डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. हेअर स्टायलिस्ट व्हायला एवढं शिकावं कशाला लागतं, असं कुणी विचारलं की मी आधी हा आकडा सांगते. कमरेपर्यंत केस असलेली मुलगी खुर्चीत बसते, ‘खांद्याला लागतील इतके ठेवा’ म्हणते, आणि शिकाऊ हात चार बोटं जास्त वर जातो. चार बोटं म्हणजे सात-आठ सेंटिमीटर. ती भरून यायला सहा-सात महिने. शिंपी शिवणीत माया ठेवतो, चुकलं तर उसवून सोडतो. केसांतही माया ठेवायला शिकवावं लागतं. पहिली कात्री ठरलेल्या लांबीच्या दोन बोटं खाली लावायची, केस वाळवून पाहायचे, मगच वर सरकायचं. ओले केस ताणले जातात आणि वाळले की आखडतात. कुरळे तर फारच आखडतात. हे ज्याला कुणी सांगितलं नाही त्याच्या हातून लवकरच कुणाचं तरी नुकसान होतं.

हे पुस्तक हेअर आणि फॅशन स्टायलिंगचा व्यवसाय शिकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. त्यांच्यासोबत बहुतेक वेळा आई किंवा मोठा भाऊ चौकशीला येतो. कोर्स किती महिन्यांचा, फी हप्त्यांनी भरता येईल का, पुढे काम मिळेल का, हे प्रश्न ठरलेले आणि रास्तही. पण एक प्रश्न कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे : नाही कधी म्हणायचं, हे इथे शिकवतात का? कट, रंग, ब्लो-ड्राय, मेकअप, साडी नेसवणं हे सगळं सरावाने येतं. समोरचा माणूस पैसे घेऊन उभा असताना ‘हे मी आज तुमच्या केसांवर करणार नाही’ असं कारण देऊन सांगता येणं, हे शिक्षण पुरं झाल्याचं लक्षण आहे. या प्रस्तावनेत मला मुख्यतः त्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे.

सुरुवात वॉशपासून होते. सलूनमध्ये लागलेल्या असिस्टंटला पहिले कितीतरी महिने केस धुणं, टॉवेल वाळत घालणं, खालचे केस झाडणं, फॉइल कापून ठेवणं, बाउलमध्ये रंग कालवणं एवढंच मिळतं. ‘मला अजून कात्रीला हात लावू देत नाहीत’ ही तक्रार मी फार वेळा ऐकली आहे. शेजारी कुणी शिकवणारं असेल तर हा काळ मला मुळीच वाया गेलेला वाटत नाही. बेसिनपाशी बोटांना पुष्कळ कळतं. भोवरा एक आहे की दोन, तो कुठल्या बाजूला फिरतो, मानेवरचे केस वर वळतात का, कुठे चाई पडू लागली आहे का, खपल्या कोंड्याच्या आहेत की सोरायसिसच्या, लिखा आहेत का. रसायनांनी दमलेले केस ओले असताना ओढले की लांब होतात आणि परत आखडत नाहीत. ज्याच्या बोटांनी हे शेकडो डोक्यांवर अनुभवलं आहे, त्याला क्लायंटने ‘मी काहीच केलेलं नाही हो’ म्हटलं तरी खरं काय ते कळतं.

व्हिडाल ससूनचं नाव या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्याची सुरुवात मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. १९२८ साली लंडनमध्ये एका गरीब ज्यू घरात तो जन्मला. लहानपणाची काही वर्षं अनाथाश्रमात गेली. १९४२ मध्ये, चौदाव्या वर्षी, व्हाइटचॅपल भागातल्या ॲडॉल्फ कोहेन यांच्या सलूनमध्ये तो डोकी धुणारा पोऱ्या म्हणून लागला. युद्ध चालू होतं, शहरावर बॉम्ब पडत होते, तरी कोहेन यांच्याकडे कामावर येताना बूट चमकलेले, पँटला इस्त्री आणि नखं स्वच्छ असावी लागत. बाँड स्ट्रीटवर त्याने स्वतःचं सलून काढलं ते १९५४ मध्ये, आणि नॅन्सी क्वान या अभिनेत्रीचा तो प्रसिद्ध बॉब कापला १९६३ मध्ये. डोकी धुण्यापासून तिथवर यायला २१ वर्षं गेली. आज मुलांना तो बॉब मोबाइलवर काही सेकंदांत दिसतो. मधली वर्षं दिसत नाहीत.

त्या कटचं मोल कशात आहे हेही समजून घ्यायला हवं. त्याआधी बायका आठवड्याला सलूनमध्ये जाऊन रोलर लावून, स्प्रे मारून केस ‘सेट’ करून घेत आणि पुढच्या फेरीपर्यंत ते जपत. ससूनने कटच असा बसवला की केस धुऊन झटकले तरी आपल्या जागी येऊन पडावेत. त्यासाठी त्याने चेहऱ्याची हाडं पाहिली आणि कोन मोजले. आज जगभरच्या वर्गांत हेच शिकवतात. केस मानेलगत सरळ खाली धरून कापले की सगळी टोकं एका रेषेत येतात आणि कडेला वजन साठतं. ४५ अंशांवर उचलून कापले की खालून वर टप्प्याटप्प्याने भराव चढतो. ९० अंशांवर धरले की लेअर पडतात आणि वजन निघून जातं. डोक्याचे चार भाग करायचे, प्रत्येकात सेक्शन घ्यायचे, पहिला कापलेला सेक्शन पुढच्याला गाइड म्हणून धरायचा. डमीवर हे पुन्हा पुन्हा करताना कंटाळा येतो, आणि तो येईपर्यंत केलंच पाहिजे. कारण डमी मान हलवत नाही, तिला भोवरा नसतो आणि तिचं पुढच्या रविवारी लग्न नसतं. जिवंत माणसाकडे वळण्याआधी कोनाचा विचार हातात मुरलेला असावा, म्हणजे डोकं त्या माणसाकडे लक्ष द्यायला मोकळं राहतं.

रंगाच्या प्रकरणाला मी पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत, आणि मुलांनी ती गाळू नयेत अशी कळकळीची विनंती आहे. दहावीला रसायनशास्त्राचा धसका घेतलेली मुलं इथे येतात आणि पुन्हा त्याच विषयासमोर बसतात. पण हे रसायन डोळ्यांदेखत घडतं, त्यामुळे ते समजतं. केसाच्या बाहेर खवल्यांचं आवरण, आत गाभा, गाभ्यात मेलॅनिन. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड : १० व्हॉल्यूममध्ये ३ टक्के, २० मध्ये ६, ३० मध्ये ९, ४० मध्ये १२. आपले केस मुळात गडद, म्हणून उजळू लागले की आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा रंग वर येतो. परदेशी मॉडेलच्या फोटोतला राखाडी रंग मागणाऱ्या मुलीला हा सगळा प्रवास आधी सांगावा लागतो. नारिंगी मारायला निळा, पिवळा मारायला जांभळा, हे रंगचक्र चित्रकलेच्या तासाला शिकलो तेच.

आता मेंदी. आपल्याकडे पन्नाशीच्या किती तरी काकू-मावश्या वर्षानुवर्षं घरी मेंदी लावतात. शुद्ध मेंदीचा रंग केसाला घट्ट धरून बसतो आणि त्यावर दुसरा रंग नीट चढत नाही, एवढंच असतं तर निभावलं असतं. बाजारात मिळणाऱ्या काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात, कधी जागच्या जागी तुटतात. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत पुष्कळदा पीपीडी हे रंगद्रव्य असतं; तेच बहुतेक कायमस्वरूपी हेअर कलरमध्येही असतं आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते. चेहरा सुजतो, डोळे मिटतात, दवाखाना गाठावा लागतो. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा रंग लावून ४८ तास थांबायचं. ही पॅच टेस्ट प्रत्येक डब्यावर छापलेली असते आणि रोज असंख्य ठिकाणी टाळली जाते. दिवाळीच्या तोंडावर रांग लागलेली असते, मालकाच्या डोळ्यासमोर महिन्याचं टार्गेट असतं, आणि समोरची बाई म्हणते, ‘मला कधी काही होत नाही, तुम्ही लावा.’ इथेच शिकलेल्या आणि न शिकलेल्या माणसातला फरक दिसतो.

स्मूदनिंगचंही तसंच. काही उत्पादनं तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड हा वायू सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो २००४ मध्ये कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला. क्लायंट त्या खुर्चीत वर्षातून एकदा-दोनदा बसते. स्टायलिस्ट आठवड्यातून कितीदा तरी त्या धुरात उभी असते, तेही एसीसाठी खिडक्या बंद केलेल्या खोलीत. डबा हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचणं, खिडकी उघडायला लावणं, आणि ती उघडत नसेल तर काम न घेणं, हे माझ्या दृष्टीने ब्लो-ड्रायइतकंच मूलभूत कौशल्य आहे.

नाही म्हणण्याची या व्यवसायाची एक परंपरा खास आपल्याकडची आहे, आणि ती हेअर अकादमीच्या वर्गात शिकवली जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. विधवेचं केशवपन ही मुख्यतः ब्राह्मण आणि तत्सम उच्चवर्णीय घरांतली रूढी. ते काम करून घेतलं जाई नाभिकांकडून. १८९० मध्ये मुंबईत नाभिकांनी एकत्र येऊन ठरवलं की यापुढे विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचा नाही. त्यामागे पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंडे यांचा : ‘दीनबंधू’चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या सत्यशोधक चळवळीतले खंदे कार्यकर्ते. त्या कारागिरांकडे कुठलं प्रमाणपत्र नव्हतं. काम नाकारण्यात रोजीचा तोटा होता आणि ज्यांना नकार द्यायचा ते वरचढ होते. तरी त्यांनी ओळखलं की आपल्या वस्तऱ्याखाली बसवलेल्या बाईने हे मागितलेलं नाही. क्लायंटशी बोलण्याला इंग्रजीतून ‘कन्सल्टेशन’ म्हणतात आणि ते परदेशी पुस्तकांतून शिकवतात. मी ते १८९० पासून शिकवते. केस ज्याचे आहेत त्याची इच्छा विचारायची, सोबत आलेल्या सासूची, नवऱ्याची किंवा आईची नव्हे.

ज्यांनी हा संप केला त्यांच्याकडे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होतं. बलुतेदारीत नाभिक धोकटी घेऊन घरोघर जाई; वस्तरा दगडावर लावणं, कातडी पट्ट्यावर फिरवणं, मुलाचं जावळ काढताना टाळूच्या मऊ जागेवर हात हलका ठेवणं हे मुलगा बापाकडे पाहून शिके. संत सेना महाराज याच व्यवसायातले, आणि आपल्या हत्यारांची भाषा त्यांनी अभंगात नेली. इतकं असूनही गावाने या कामाला मान दिला नाही. आज चकचकीत सलूनमध्ये सगळ्या समाजांतली मुलंमुली हे काम हौसेने शिकतात, याचा मला आनंद आहे. पण ज्या घरात वस्तऱ्याचा हात तीन पिढ्यांचा आहे, त्या घरातला मुलगा अकादमीची फी आणि इंग्रजी फॉर्म पाहून दारातूनच परत फिरतो, हे मला सलतं. या पुस्तकाची भाषा मराठी ठेवण्याचं मुख्य कारण तो मुलगा आहे. सेक्शन, एलिव्हेशन, डेव्हलपर हे शब्द तसेच ठेवलेत, कारण सलूनमध्ये तेच चालतात. त्यांचा खुलासा मात्र घरच्या भाषेत आहे.

बायकांच्या वाट्याला दुसऱ्या तऱ्हेचे अडसर आले. मुंबईच्या सिनेसृष्टीत मेकअप आणि केशरचना करणाऱ्यांची संघटना १९५५ पासूनची. तिथे अलिखित नव्हे, लेखी नियम होता : मेकअप आर्टिस्टचं कार्ड पुरुषालाच, बाईने हेअर ड्रेसर व्हावं. अनेक दशकं कुशल स्त्रिया सेटवर लपूनछपून मेकअप करत आणि नाव पुरुषाचं लागत असे. चारू खुराणा यांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. त्यांना कार्ड नाकारलं गेलं आणि त्या न्यायालयात गेल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनाविरोधी ठरवून नियम रद्द केला. आज मेकअपचा कोर्स करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना हे सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. त्यांच्या जन्मानंतरची गोष्ट आहे.

आता वेशभूषेकडे. हेअर आणि फॅशन हे दोन विषय एका पुस्तकात का, असं काहींना वाटेल. ‘लव्ह इन सिमला’ हा १९६० चा चित्रपट आठवा. साधनाचं कपाळ रुंद होतं. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर तिच्या कपाळावर बट कापून घेतली आणि देशभर ‘साधना कट’ची लाट आली. तिच्या चेहऱ्याचा प्रश्न तिच्या केसांनी सोडवला, म्हणून ती बट शोभली. कपाळ अरुंद असलेल्या मुलींनी तीच कापली तेव्हा चेहरा झाकला गेला. गळा उंच असेल तर केस वर घ्यावेत का, नऊवारीवर खोपा बसतो तो साडीच्या काठामुळे की नथीमुळे, अंबाडा किती खाली आला की पदराला अडतो, हे प्रश्न केसांचे की कपड्यांचे, ते वेगळं काढताच येत नाही.

या बाबतीत माझं दैवत कोल्हापूरच्या भानू अथैय्या. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेल्या, ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवणाऱ्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पण विद्यार्थ्यांनी त्यांचं पारितोषिक पाहू नये, कामाची पद्धत पाहावी. ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासली. ‘ब्रह्मचारी’मध्ये मुमताजला नाचताना साडी सुटू नये आणि अंगाला बसावी म्हणून ती आधीच शिवून चेन लावली. पडद्यावर ती नारिंगी साडी सहज नेसलेली दिसते. आत गणित आहे. फॅशन स्टायलिस्टच्या कामाचा मोठा भाग असाच नजरेआड असतो : डिझायनरकडून कपडे आणणं, प्रत्येक नगाची नोंद, स्टीम इस्त्री, मागून टाचलेल्या पिना, दुहेरी टेप, शूटनंतर डाग न पडता परत करणं, आणि सिनेमात प्रत्येक दृश्याचा फोटो ठेवणं, म्हणजे आठ दिवसांनी उरलेला भाग चित्रित होताना बट त्याच बाजूला असेल.

शिकायचं कुठे? सरकारी आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, दहावी पास असलं की प्रवेश घेता येतो, आणि खर्चही परवडणारा आहे. मध्यमवर्गीय पालक तिकडे वळूनही पाहत नाहीत, त्यांनी पाहावं. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या निकषांवर चालणारे छोटे अभ्यासक्रम आहेत. खासगी अकादम्या पुष्कळ. जर्मनीत केशकर्तनाची उमेदवारी तीन वर्षांची असते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हजार किंवा त्याहून जास्त तासांचं शिक्षण आणि परीक्षा झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. आपल्याकडे केस कापायला कुठलाच व्यक्तिगत परवाना लागत नाही, त्यामुळे सगळी भिस्त शिकणाऱ्याच्या सचोटीवर. फी भरण्याआधी वर्ग चालू असताना जाऊन बसा. एका डमीवर किती जण हात चालवतात ते पाहा. जिवंत मॉडेल किती मिळतील, शिक्षक स्वतः अजून खुर्चीमागे उभे राहतात का, ब्लेड दर वेळी नवं काढतात का, हे विचारा. बेसिनच्या काठावर हातमोज्यांचा डबा दिसला नाही, तर मी तरी त्या ठिकाणी पैसे भरणार नाही. रोज ओले हात, शॅम्पू आणि रंग यांनी बोटांची सालं निघतात, भेगा पडतात, आणि चांगल्या हातांनी केवळ त्यापायी हे काम सोडलेलं मी पाहिलं आहे. दिवसाचे आठ-दहा तास उभं राहून पायांच्या शिरा फुगतात. बूट, उंचीला जुळणारी खुर्ची, मनगटाचे व्यायाम, यांवर म्हणूनच स्वतंत्र प्रकरण आहे.

पहिल्या प्रकरणात कात्री येत नाही. त्यात खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारायचे प्रश्न आहेत. केस रोज कोण विंचरतं, किती वेळ मिळतो, कामावर हेल्मेट किंवा टोपी घालावी लागते का, गेल्या दोन वर्षांत केसांना काय काय लावलं, मेंदी कुठली होती, कधी खाज किंवा सूज आली होती का, गोळ्या कुठल्या चालू आहेत. उत्तरं कार्डावर लिहायची. खाली तारीख, रंगाचा नंबर, डेव्हलपरची ताकद, किती मिनिटं ठेवला ते, आणि काही नाकारलं असेल तर काय आणि का. तुम्ही सुटीवर असताना ती बाई दुसऱ्या कुणाच्या खुर्चीत बसली, तर त्या व्यक्तीला वाचता येईल अशा अक्षरात.